पोर्ट गेलाय की केबल? लूपबॅक टेस्टनं खात्री कशी करायची

मे महिन्यात सोलापुरात वळवाचा पाऊस येतो, तासभर विजा कडाडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्कचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. "अण्णा, नेट बंद पडलंय, स्विच गेला वाटतंय, येता का जरा?" आता स्विच गेला हे समोरच्यानं ठरवूनच टाकलेलं असतं आणि नवीन पोरगं असलं की तेही जाऊन मान हलवून येतं, की हो, गेलाय.

मी पण हेच केलंय. कामाला लागून सहा महिने झाले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना, तिथं २४ पोर्टचा स्विच, आणि ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरचं नेट सारखं येतंय-जातंय. मी केबल ७ नंबरच्या पोर्टातून काढून ८ मध्ये लावली, चालू झालं, म्हटलं ७ नंबर मेला. दोन दिवसांनी ८ पण तसाच. मग ९. शेवटी मी मालकांना सांगितलं की स्विचच बदला, आणि त्यांनी माझ्या शब्दावर नवीन स्विच घेतला. नव्या स्विचवर तिसऱ्या दिवशी परत तेच. दोष निघाला भिंतीवरच्या सॉकेटात, आतली एक पिन वाकून खाली बसलेली, केबल हलली की सुटायची. मालक काही बोलले नाहीत, पण त्यांचा तो पैसा मला आजपण टोचतो. त्यानंतर माझ्या सीनियरनी माझ्या हातात एक इवलासा प्लग ठेवला, केबल नसलेला नुसता आरजे-४५, आणि म्हणाले, "आता हा लावल्याशिवाय कुठल्याही पोर्टाला मेला म्हणायचं नाही." हा लेख त्या प्लगबद्दल आहे, जे नुकतेच या कामात आलेत त्यांच्यासाठी.

लूपबॅक म्हणजे काय

विजापूरचा गोलघुमट बघितला असेल, नसेल तर सोलापूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. वर गॅलरीत उभं राहून टाळी वाजवली की तीच टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिथं दुसऱ्या माणसाची गरज नाही, आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं. लूपबॅकमध्ये पोर्टाला हेच करायला लावायचं असतं. पोर्टानं बाहेर पाठवलेला सिग्नल लगेच वळवून त्याच पोर्टाच्या ऐकायच्या तारांवर द्यायचा. पोर्टाला स्वतःचं बोलणं नीट ऐकू आलं तर त्याचं तोंड पण ठीक आणि कान पण ठीक. म्हणजे दोष बाहेर आहे, केबलमध्ये, पॅच पॅनलमध्ये (रॅकमधली केबली जोडायची पट्टी), सॉकेटात नाहीतर पलीकडच्या मशीनमध्ये. ऐकू आलं नाही तर दोष अलीकडं.

एक गोंधळ आधीच मिटवतो. १२७.०.०.१ ला पिंग मारून उत्तर आलं म्हणजे पोर्ट चांगला असं बरेच जण समजतात. ते पिंग मशीनच्या बाहेर पडतच नाही, लॅनकार्डपर्यंतसुद्धा जात नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतल्या आतच फिरून येतं. लॅनकार्ड काढून टेबलावर ठेवलं तरी ते पिंग चालतं. तसंच राउटरमध्ये "लूपबॅक झीरो" नावाचा इंटरफेस असतो, तो पण वेगळा प्रकार, त्याचा आपल्या टेस्टशी संबंध नाही.

आपल्या कामाचे दोन प्रकार. पहिला इंटरनल, यात चिपलाच सांगतात की बाहेर पाठवू नको, आतूनच वळव. हा वळसा मॅक चिपपाशी (मॅक म्हणजे डेटाचे गठ्ठे बांधणारी आणि सोडणारी चिप) घालता येतो किंवा पुढं फाय चिपपाशी, फाय म्हणजे जी चिप बिट्सचं तारेवरच्या सिग्नलमध्ये रूपांतर करते. दुसरा एक्स्टर्नल, यात सिग्नल खरोखर पोर्टाच्या पिनांवर येतो आणि प्लगमधून परत जातो. इंटरनल पास आणि एक्स्टर्नल फेल असं आलं तर चिपचं डोकं शाबूत आहे पण चिप आणि पिनांच्या मधलं काहीतरी गेलंय, म्हणजे पोर्टामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर ज्याला मॅग्नेटिक्स म्हणतात, किंवा जॅकच्या पिना, किंवा फायचा बाहेरच्या बाजूचा भाग. विजेचा झटका केबलमधून आत येतो तेव्हा वाटेत पहिल्यांदा याच गोष्टी लागतात, म्हणून वळवाच्या पावसानंतर ही जोडी आम्हाला लै वेळा दिसते.

प्लग लावायच्या आधी डोळे लावा

मोबाईलची टॉर्च लावून जॅकच्या आत बघा. आठही पिना एका रांगेत, सारख्या उंचीवर हव्यात. टेलिफोनचा बारीक प्लग चुकून लॅनच्या जॅकात घुसवला तर कडेच्या पिना दबून बसतात, हे ऑफिसांमध्ये बऱ्याचदा होतं. आपल्याकडं यंत्रमाग चालतात तिथं सुताचे तंतू हवेतच असतात, ते धुळीबरोबर मोकळ्या जॅकात जाऊन बसतात, मग पावसाळ्यात दमट झालं की पिनांवर हिरवट गंज धरतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढं. एवढ्यावर बरे झालेले पोर्ट मी बघितलेत.

मग दोन मिनिटांचं काम, खात्रीची चांगली केबल लावून बघा, पोर्ट बदलून बघा. पण पोर्ट बदलून चाललं म्हणजे जुना पोर्ट खराब असं लगेच लिहून टाकू नका, माझी गोष्ट वर सांगितलीच आहे. केबल काढून लावताना सैल जोड तात्पुरता बसतो आणि आपण फसतो.

प्लग तयार करणं

लागेल ते एवढंच: एक आरजे-४५ कनेक्टर, क्रिम्पिंग टूल आणि कॅट-५ई केबलमधून काढलेली एक वळी घातलेली जोडी, वीतभर. टूल सोडून बाकीचं सामान सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन आणलं तरी एका चहाच्या आसपास खर्च.

पिनांचे नंबर आधी पक्के करा. कनेक्टरची क्लिप खाली, सोनेरी पिना वर, आणि वायर घुसायची बाजू आपल्याकडं. आता डावीकडून पहिली ती १, उजवीकडची शेवटची ८.

जोडणी अशी की १ नंबर ३ ला आणि २ नंबर ६ ला. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये एक जोडी १-२ वर चालते आणि दुसरी ३-६ वर, एक बोलायची एक ऐकायची, त्या दोघींना आपण समोरासमोर जोडतोय. नारंगी जोडी घ्या, एका टोकाची पांढरी-नारंगी १ मध्ये, नारंगी २ मध्ये, मग जोडी वळवून दुसऱ्या टोकाची पांढरी-नारंगी ३ मध्ये आणि नारंगी ६ मध्ये. मधल्या ४ आणि ५ मोकळ्या. जोडीची वळी शक्य तेवढी राहू द्या, सगळी उलगडून सरळ करू नका. क्रिम्प करा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून १ आणि ३ वाजतंय का, २ आणि ६ वाजतंय का, आणि मुख्य म्हणजे १ आणि २ मध्ये वाजत नाही ना हे बघा. प्लगवर मार्करनं "१००" लिहून ठेवा.

गिगाबिटसाठी याच्यात अजून दोन जोड येतात, ४ नंबर ७ ला आणि ५ नंबर ८ ला. हा दुसरा प्लग वेगळा बनवा आणि त्याला लाल टेप गुंडाळा. लाल का ते आता सांगतो, आणि हा परिच्छेद घाईत वाचू नका.

पीओई म्हणजे लॅनच्या केबलमधूनच वीज द्यायची सोय. वायरलेसवाल्यांचे जे २४ व्होल्टचे साधे पीओई अडॅप्टर असतात, गच्चीवरच्या रेडिओला वीज देणारे, त्यांना पॅसिव्ह पीओई म्हणतात. ते समोर कोण आहे हे न विचारता सतत वीज सोडतात, बहुतेक वेळा ४-५ वर प्लस आणि ७-८ वर मायनस. आता लाल प्लगमध्ये आपण काय केलंय, ४ ला ७ जोडलाय आणि ५ ला ८. म्हणजे प्लस-मायनस थेट शॉर्ट. अडॅप्टर जाईल, पोर्ट जाईल, प्लग हातात वितळेल. पॅसिव्ह पीओईच्या लाईनवर लूपबॅक प्लग लावायचाच नाही, आधी अडॅप्टर काढून बाजूला ठेवायचा. नियमाप्रमाणं चालणारा पीओई स्विच, ८०२.३एएफ किंवा एटी वाला, तसा शहाणा असतो, वीज द्यायच्या आधी समोर साधारण २५ किलोओहमची खूण शोधतो, ती प्लगमध्ये नसते म्हणून वीज सोडत नाही. तरीसुद्धा मी त्या पोर्टाची पीओई कमांडनं बंद करूनच प्लग लावतो.

चालू नेटवर्कात प्लग घालू नका

साध्या, मॅनेज न होणाऱ्या स्विचच्या एका पोर्टात प्लग घातला तर काय होतं हे नीट समजून घ्या. एखाद्या कॉम्प्युटरची ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला डेटाचा गठ्ठा) त्या पोर्टातून बाहेर जाते, वळून आत येते, आणि स्विचला वाटतं की हा कॉम्प्युटर या पोर्टावर आहे. असं करत करत स्विचच्या यादीत सगळ्यांचे पत्ते त्या एकाच पोर्टावर जाऊन बसतात आणि त्यांच्यासाठीचा डेटा प्लगकडं जाऊन वाया जातो. दोन पोर्ट एकाच केबलनं जोडल्यावर जसं वादळ उठतं तसं इथं होत नाही, पण बिलिंग चालू असलेल्या दुकानात सगळे कॉम्प्युटर अडखळायला लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून साधा स्विच असेल तर बाकीच्या सगळ्या केबली काढा. मॅनेज होणारा असेल तर तो एक पोर्ट वेगळ्या, रिकाम्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचमध्ये पाडलेला वेगळा गट) टाका. आणि मालकांना वेळ विचारूनच हे काम करा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग बंद असतात तेव्हा वीस मिनिटं निवांत मिळतात.

आधी चांगल्या पोर्टावर

सगळ्या लेखातलं एकच वाक्य घेऊन जायचं असेल तर हे घ्या: जो पोर्ट नक्की चांगला आहे, त्याच स्विचचा, त्याच जातीचा, त्याच्यावर प्लग आधी लावून बघा. तिथं जे दिसेल ते आपलं माप. त्या मापाशी संशयित पोर्टाची तुलना करायची. हे का, तर गिगाबिट पोर्टावर प्लग लावला आणि लाईट लागली नाही याचा अर्थ पोर्ट मेला असा होत नाही.

कारण असं आहे. गिगाबिटमध्ये चारही जोड्या वापरल्या जातात आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलणं चालतं, चिप स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचा ऐकते. शिवाय लिंक जुळवताना दोघांपैकी एक मास्टर आणि एक स्लेव्ह ठरावा लागतो. प्लग लावल्यावर समोर दुसरा कुणी नसतोच, पोर्ट स्वतःशीच वाटाघाटी करतो, मास्टर कोण ते ठरत नाही आणि लिंक अडकते. काही चिपा थोड्या वेळानं नाद सोडून १०० वर येतात आणि लाईट लागते, काही येत नाहीत. काही चिपांमध्ये गिगाबिटच्या एक्स्टर्नल लूपबॅकसाठी खास मोड असतो, पण तो ड्रायव्हरनं किंवा कंपनीच्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरनं चालू करावा लागतो, तेव्हाच तो लाल प्लग कामाला येतो.

यावर सोपा उपाय, पोर्टाचा स्पीड हातानं १०० आणि डुप्लेक्स फुल (म्हणजे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) करा, ऑटो बंद. मग दोन जोड्यांचा प्लग लावा. अशानं १-२ आणि ३-६ या जोड्यांची खात्री होते, ४-५ आणि ७-८ ची होत नाही, हे मनात ठेवा. १०० वर पास झालेला पण गिगाबिटवर न येणारा पोर्ट असेल तर संशय उरलेल्या दोन जोड्यांवर जातो.

आता खरी टेस्ट

कमांडा मी उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत.

साधा १०० चा स्विच असेल, ते पाच-आठ पोर्टवाले, तर प्लग लावा आणि लाईट बघा. चांगल्या पोर्टावर लागते, संशयितावर लागत नाही, तीनदा काढून लावून तेच, तर पोर्ट गेला. यापेक्षा जास्त तो स्विच सांगू शकत नाही. मात्र लाईट लागली म्हणून पोर्ट पूर्ण चांगला असंही नाही, लिंक जुळणं आणि डेटा न सांडता जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिनक्सचं मशीन किंवा सर्व्हर असेल तर लॅनकार्ड तपासायची ईथटूल ही कमांड हातात आहे. प्लग न लावताच "ईथटूल -टी", पुढं इंटरफेसचं नाव आणि "ऑफलाईन" असं चालवा. इंटेलच्या बऱ्याच कार्डांवर रजिस्टर, ईप्रॉम, इंटरप्ट, लूपबॅक आणि लिंक अशा ओळी येतात, पुढं शून्य म्हणजे पास. हे चालू असताना त्या कार्डावरचं नेट बंद पडतं, म्हणून त्याच कार्डावरून रिमोटनं आत शिरून ही कमांड मारू नका, स्वतःची फांदी स्वतः तोडल्यासारखं होईल. यातला लूपबॅक बहुतेक वेळा इंटरनल असतो. काही ड्रायव्हर "एक्स्टर्नल_एलबी" हा पर्याय पण देतात, तो प्लग लावून चालवायचा.

ड्रायव्हर देत नसेल तरी अडत नाही. ईथटूलच्या छोट्या "-एस" नं स्पीड १००, डुप्लेक्स फुल, ऑटोनेग ऑफ करा, प्लग लावा, कार्डाला एखादा पत्ता द्या आणि त्याच रेंजमधल्या अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला पिंग मारा. मशीन "हा पत्ता कुणाचा" अशी एआरपीची हाक ब्रॉडकास्टनं मारायला लागतं. टीसीपीडम्प (कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं तर प्रत्येक हाक दोनदा दिसते, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोनदा दिसली की प्लगमधून वळून आली. एकदाच दिसतेय तर जातेय, परत येत नाही. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा मजा वाटेल, एवढ्याशा तारेच्या तुकड्यातून आपलीच हाक परत आलेली असते. पिंगला उत्तर येणार नाही, ते यायचंच नाही, त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

विंडोज लॅपटॉप असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनकार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स १०० फुल करा, प्लग लावा आणि लिंक येतेय का बघा.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर नवीन माणूस हमखास एका जागी फसतो. प्लग लावला, लाईट हिरवी झाली, थोड्या वेळात लाईट बदलली आणि "शो इंटरफेसेस स्टेटस" मध्ये पोर्ट एरर-डिसेबल्ड, म्हणजे स्विचनं स्वतःच बंद केलेला. पोरगं म्हणतं, बघा, पोर्ट खराबच आहे. खरं उलट आहे! हे स्विच आपल्या पोर्टातून मधूनमधून कीपअलाईव्ह नावाची फ्रेम सोडतात, ती स्वतःचीच फ्रेम परत आली की स्विच म्हणतो इथं लूप आहे आणि पोर्ट बंद करतो. लॉगमध्ये लूपबॅक डिटेक्टेड अशी ओळ येते. ती ओळ म्हणजे फ्रेम बाहेर गेली आणि धड परत आली याची पावती आहे. टेस्ट पुढं चालवायची असेल तर त्या पोर्टावर "नो कीपअलाईव्ह" द्या, बीपीडीयू गार्ड (लूप टाळायला पोर्ट बंद करणारी दुसरी सोय) लावलेला असेल तर तो काढा, मग "शटडाऊन" आणि "नो शटडाऊन". मायक्रोटिकवर पोर्ट ब्रिजमध्ये असेल तर लॉगमध्ये येतं की माझाच पत्ता असलेलं पॅकेट मला परत आलं, बहुतेक लूप आहे. तीही पावतीच.

राउटरवर, विशेषतः जुनिपरवाले ही पद्धत वापरतात, आणि मला ती फार आवडते. इंटरफेसला समजा १०.१.१.१ पत्ता दिला, ३० चा मास्क. मग स्टॅटिक एआरपीनं सांगायचं की १०.१.१.२ चा मॅक ॲड्रेस (पोर्टाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) म्हणजे माझाच मॅक ॲड्रेस. आता १०.१.१.२ ला पिंग मारा. पॅकेट बाहेर जातं, प्लगमधून वळतं, राउटर बघतो की मॅक माझा आहे पण आयपी माझा नाही, म्हणून परत त्याच पोर्टातून पुढं ढकलतो, ते परत वळून येतं. प्रत्येक फेरीला टीटीएल (पॅकेटच्या उरलेल्या उड्यांचा आकडा) एकानं कमी, शेवटी शून्य. पडद्यावर "टाईम टू लिव्ह एक्सीडेड" येतं. ही एरर दिसली की पोर्ट पास. एक पॅकेट कितीतरी वेळा त्या पोर्टातून आत-बाहेर करून आलेलं असतं. काहीच न येता नुसता टाईमआउट आला तर फेल.

काउंटर

फक्त लिंकवर समाधान मानू नका. आधी काउंटर शून्य करा, सिस्कोवर "क्लिअर काउंटर्स", लिनक्सवर ईथटूलच्या मोठ्या "-एस" चे आकडे लिहून ठेवा. मग मोठ्या आकाराची पिंग दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. नंतर बघा, गेलेल्या आणि आलेल्या फ्रेम जवळपास सारख्या हव्यात आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमचा आकडा) शून्य. इतक्याशा प्लगमध्ये सीआरसी यायला काही कारणच नाही, ना लांबी ना शेजारी मोटर, त्यामुळं थोडे जरी आले आणि चांगल्या पोर्टावर आले नाहीत तर हा पोर्ट आजारी आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असतं, आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद रॅकमध्ये त्याहून जास्त. सकाळी नऊला टेस्ट पास, दुपारी तीनला तोच पोर्ट सीआरसी ओकतो. तक्रार दुपारची असेल तर टेस्ट दुपारीच करा, पंखा रॅकपुढं आणून ठेवायच्या आधी.

आणि एकटा पोर्ट न जाता १ ते ४ किंवा १ ते ८ असे शेजारचे सगळे एकदम गेले असतील तर जॅकच्या पिना तपासण्यात वेळ घालवू नका. एक फाय चिप बहुतेक वेळा चार किंवा आठ पोर्ट सांभाळते, गट गेला म्हणजे चिप किंवा तिची वीज गेली.

पोर्ट पास झाला, मग प्लग पुढं न्या

माझ्या मते प्लगचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे. पोर्टावर पास झाला ना, आता पॅच कॉर्ड लावा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मादी-मादी कपलर लावून त्यात प्लग. पास? मग पॅच कॉर्ड पॅनलमध्ये लावा आणि प्लग पलीकडं, भिंतीवरच्या सॉकेटात. असा वळसा एकेक टप्पा लांब नेत जायचा, जिथं पहिल्यांदा फेल होईल, त्या आणि त्याच्या आधीच्या टप्प्याच्या मध्ये दोष. त्या टॉवेलच्या कारखान्यात मी एवढं केलं असतं तर दहा मिनिटांत सॉकेट सापडलं असतं.

पण लांबीचं भान ठेवा. सिग्नल एका जोडीनं जातो आणि दुसरीनं परत येतो, म्हणजे ६० मीटरच्या केबलच्या टोकाला प्लग लावला तर पोर्टासाठी ती १२० मीटरची लाईन झाली, आणि इथरनेटची मर्यादा १०० मीटर. केबल चांगली असूनही एरर येऊ शकतात. ५० मीटरच्या वर या पद्धतीवर निकाल देऊ नका. तिथं स्विचमध्ये टीडीआरची (केबलमध्ये सिग्नल सोडून दोष किती लांब ते मोजायची) सोय असेल तर ती वापरा, सिस्कोवर "टेस्ट केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर", मायक्रोटिकच्या बऱ्याच पोर्टांवर "केबल-टेस्ट", ते कुठल्या जोडीत किती मीटरवर तुटलंय ते अंदाजे सांगतात.

फायबरचा पोर्ट

एसएफपी (स्विचमध्ये घालायचा फायबरचा छोटा मॉड्यूल) असेल तर सोपं, एक छोटी फायबर पॅच कॉर्ड टीएक्समधून (पाठवायचं भोक) आरएक्समध्ये (ऐकायचं भोक). आधी टोकं साफ करा. भोकात डोकावून बघू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करतो. ४० किंवा ८० किलोमीटरवाला मॉड्यूल असेल तर मध्ये उजेड कमी करणारा ॲटेन्युएटर लावल्याशिवाय वळसा घालू नका, त्याचा उजेड एवढा जोरात असतो की समोरून आला तर त्याचाच रिसीव्हर जळू शकतो. आणि एकाच फायबरवर चालणारा बायडी मॉड्यूल लूपबॅक करताच येत नाही, तो १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १४९० किंवा १५५० वर ऐकतो, स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. घरोघरच्या फायबर कनेक्शनच्या ओएनटीचंही (घरात बसवलेला फायबरचा डबा) तेच, तिथं पॉवर मीटर घ्या.

काम झाल्यावर

प्लग काढा आणि पोर्ट होता तसा करा. व्हीलॅन परत, पीओई परत, कीपअलाईव्ह आणि बीपीडीयू गार्ड परत, आणि सगळ्यात आधी स्पीड-डुप्लेक्स परत ऑटोवर. हे राहून गेलं तर लगेच कळत नाही, लिंक येते, लाईट लागते. पण आपली बाजू हातानं फुल केलेली आणि समोरची ऑटोवर असेल तर समोरचा हाफ डुप्लेक्स धरतो, मग नेट रडत चालतं, समोरच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) आणि आपल्या बाजूला सीआरसी दिसतात, आणि आठवड्यानं परत फोन येतो की त्याच पोर्टाला त्रास आहे.

पोर्ट खरंच गेलेला निघाला तर तो कमांडनं बंद करा, जॅकात रबरी टोपी घाला, नसेल तर टेप लावा आणि त्यावर तारीख आणि "लूपबॅक फेल" लिहा. वॉरंटी असेल तर चांगल्या पोर्टाचे आणि या पोर्टाचे काउंटर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, समोरचा इंजिनिअर मग "केबल बदलून बघा" यावरून सुरुवात करत नाही. मालकांना पण तोच फोटो दाखवा. चोवीसातला एकच गेला असेल तर तेवीस आहेतच, स्विच बदलायची गरज नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.